वसतिगृहातील चिठ्ठ्या आणि वेळेवर न सांगितलेली बातमी

एका डोंगराळ तालुक्यातील मुलींच्या निवासी शाळेच्या अधीक्षिकेचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘आमच्या शाळेत पाचवी ते दहावीच्या सुमारे दीडशे मुली राहतात आणि गावातील तीसेक मुली घरून येतात. मुलींना मोबाइल ठेवण्याची परवानगी नाही; रविवारी कार्यालयातील फोनवरून त्या घरी बोलतात. मागील आठवड्यात एका रात्री आठवीतील मुलीच्या पोटात असह्य दुखू लागले. मेट्रनबाईंना मुलींजवळ ठेवून मी तिला जीपने ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथून तिला जिल्हा रुग्णालयात पाठवण्यात आले आणि पहाटे अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. मुली घाबरतील म्हणून कोणालाच काही सांगायचे नाही, असे मी ठरवले. सकाळच्या प्रार्थनेपर्यंत “ती गेली” ही बातमी सगळ्या खोल्यांत पोहोचली होती. दुपारी ही बातमी घरून येणाऱ्या मुलींबरोबर गावात गेली आणि संध्याकाळी चार पालक आपापल्या मुलींना न्यायला फाटकाशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी आणि मेट्रनबाईंनी मुलींच्या पेट्या तपासल्या, तेव्हा पिशवीभर चिठ्ठ्या निघाल्या. काहींत माझ्याविषयी लिहिले आहे, काही खुणांच्या भाषेत आहेत आणि एकीत “माझंपण पोट दुखतंय, पण बाईंना सांगू नको, मलापण नेतील” असे लिहिले आहे. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात की कॅमेरे बसवा, येणारीजाणारी पत्रे वाचा आणि घरून येणाऱ्या मुलींना वसतिगृहाच्या बाजूला फिरकू देऊ नका. चिठ्ठ्या माझ्या कपाटात आहेत. मी काय करावे?’

प्रिय ताई,

त्या रात्री तुम्ही वेळ न दवडता मुलीला रुग्णालयात पोहोचवले, म्हणून ती आज बरी होत आहे. पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत हे कोणी बोलून दाखवले नसेल, तर मी ते येथे आधी नोंदवते.

आता चिठ्ठ्यांविषयी. पिशवीतील बाकी सगळ्या चिठ्ठ्या थांबू शकतात, पोटदुखीची चिठ्ठी थांबू शकत नाही. अक्षर ओळखून ती मुलगी शोधण्याचा मोह तुम्हाला होईल, कदाचित झालाही असेल. परंतु तसे केल्यास ‘बाईंनी चिठ्ठी वाचून तिला पकडले’ एवढेच मुली लक्षात ठेवतील आणि पुढच्या वेळी दुखणारी मुलगी चिठ्ठीसुद्धा लिहिणार नाही. त्याऐवजी आजच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला बोलवा आणि प्रत्येक मुलीला दाराआड दोन मिनिटे त्यांच्याशी एकटीने बोलू द्या, म्हणजे कोणीच वेगळी पडणार नाही. पोटदुखीची कारणे त्या वयात पुष्कळ असतात. पहिली पाळी आलेली असते आणि ती कोणाला सांगावी हे कळत नसते, शौचालयाच्या दाराला कडी नसल्यामुळे मुली तासन्तास लघवी दाबून ठेवतात, भीतीनेही पोटात खरोखरच दुखते. आणि एखादीला उपचारांची तातडीची गरजही असू शकते. आरोग्य सेविका येण्यापूर्वी सगळ्या मुलींना एकत्र बसवून ‘नेतात’ म्हणजे नेमके काय होते, ते सांगा: कोठे नेतात, सोबत कोण असते, आईवडिलांना केव्हा बोलावतात आणि परत केव्हा आणतात. शक्य असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या मुलीच्या मैत्रिणींना तिच्याशी फोनवर बोलू द्या. तिचा आवाज एका मैत्रिणीने ऐकला की जेवणाच्या पंगतीपर्यंत तो सगळ्यांनी ऐकल्यासारखा होईल, कारण मुलींची जी टपालव्यवस्था तुम्हाला आज त्रासदायक वाटत आहे, ती खरी आणि चांगली बातमीदेखील तितक्याच वेगाने पोहोचवते.

ही टपालव्यवस्था कशी चालते, हे मी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून काम करताना वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयी कोणताही निर्णय घेऊ नका असे मी आग्रहाने सांगते. पहाटे आंघोळीच्या रांगेत बादल्या हलतात तशा बातम्या हलतात. रात्री कोण रडले, कोणाच्या घरून फोन आला, आज कोणाच्या तासाला वह्या तपासल्या जाणार, हे सारे तेथे वाटले जाते. चिठ्ठी कंपासपेटीच्या झाकणात जाते, वाळत घातलेल्या पोलक्याच्या खिशात जाते, तपासायला दिलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यातून एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाते. पाचवीतील लहान मुली निरोप्याचे काम करतात, कारण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि मोठ्या मुलींनी आपल्यावर विश्वास टाकला याचा त्यांना फार अभिमान वाटतो. आजारी मुलींची खोली ही तर बातम्यांची मोठी बाजारपेठ असते, कारण वेगवेगळ्या इयत्तांच्या मुली तेथेच दिवसभर एकत्र पडून राहतात. स्वयंपाकघरातील मावशी गावातील बातमी आत आणतात आणि घरून येणाऱ्या मुली आतील बातमी बाहेर नेतात. बोलताना मोठ्यांना कळू नये म्हणून ‘मला’चे ‘चलाम’ करणारी ‘च’ची भाषा मुली वापरतात आणि लिहिताना आपापल्या खुणा ठरवतात, त्यामुळे तुमच्या कपाटातील खुणांच्या चिठ्ठ्यांत काही कटकारस्थान असेल असे समजण्याचे कारण नाही. दीडशे मुली एकाच छपराखाली, एकाच घंटेवर उठतात, जेवतात आणि झोपतात. तेथे स्वतःची म्हणता येईल अशी जागा म्हणजे एक पेटी आणि एक चिठ्ठी.

म्हणून पेट्या तपासण्याचे जे झाले, त्याविषयी मुलींशी स्पष्टपणे बोला. कारण सांगा, ते मुलींना पटो अथवा न पटो, आणि यापुढे पेटी उघडायची वेळ आली तर ती त्या मुलीसमोरच आणि कारण सांगूनच उघडली जाईल असा शब्द द्या. वाचायच्या राहिलेल्या चिठ्ठ्या वाचू नका. एखाद्या मुलीला इजा होत असल्याचे तुमच्या वाचनात आले असेल तर तेवढी चिठ्ठी वेगळी ठेवा, त्याविषयी पुढे लिहिते. बाकीच्या एका खोक्यात घालून मुलींच्या प्रतिनिधींच्या हाती द्या आणि ज्यांच्या त्यांनी घेतल्या की उरलेल्या त्यांच्यासमोरच जाळून टाका. तुमच्याविषयी जे लिहिले आहे, ते त्यांनी तुम्हाला उद्देशून लिहिलेले नव्हते. त्यावरून कोणाला बोलू नका आणि त्याचे दुःखही फार काळ करू नका. अधीक्षिकेविषयी काहीच न लिहिणारे वसतिगृह मी पाहिलेले नाही.

‘ती गेली’ ही बातमी कशी जन्मली असेल, याचा विचार मुलींच्या बाजूने करून पाहा. मध्यरात्री कोणी तरी कण्हले, दिवा लागला, मेट्रनबाईंची धावपळ झाली, जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि सकाळी एक कॉट रिकामी दिसली. मोठ्या माणसांचे चेहरे ओढलेले होते आणि त्यांच्यापैकी कोणीही एक अक्षर बोलले नाही. प्रसंग जितका जिव्हाळ्याचा आणि जितका धूसर तितकी अफवा बळावते, हे अमेरिकेतील गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली मांडले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत गेल्यास पहिल्या पाच-सहा सांगण्यांतच सुमारे ७० टक्के तपशील गळून पडतो, असेही त्यांच्या प्रयोगांत दिसले. ‘तिला दवाखान्यात नेली’ यातील ‘दवाखान्यात’ हा शब्द कोठे तरी गळला की ‘तिला नेली’ एवढेच उरते, आणि ‘नेली’चे ‘गेली’ व्हायला वेळ लागत नाही.

आपल्याच देशातील एक अभ्यास मला याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भागातील लोकांना धक्का जोरात जाणवला परंतु पडझड दिसली नाही, तेथे याहून भयंकर संकट येणार असल्याच्या बातम्या पसरल्या होत्या. पुढे दार्जिलिंगच्या परिसरात दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी प्रत्यक्ष नुकसान पाहिलेल्या लोकांचा असाच अभ्यास केला, तर त्यांच्यात तशा अतिरंजित अफवा आढळल्या नाहीत. या दोन अभ्यासांवरून अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी असे मत मांडले की मनात भीती असते आणि समोर तिचे कारण दिसत नाही, तेव्हा माणसे त्या भीतीला साजेसे कारण स्वतः तयार करतात. तुमच्या मुलींना धक्का जाणवला होता आणि कारण कोणी दाखवले नाही. त्यांच्या भीतीतून त्यांनीच ते तयार केले. तुमचा हेतू निखालस चांगला होता, पण मौनाने भीती कमी होत नाही, वाढते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात बदलण्यासारखी मुख्य गोष्ट ती आहे.

यापुढे रात्री असे काही घडले, तर सकाळी मुली खोलीबाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे आंघोळीची रांग लागण्याआधी, बातमी सांगितली गेली पाहिजे. प्रार्थनेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असेल. तुम्ही रुग्णालयात असाल तर तेथून मेट्रनबाईंना दोन-तीन वाक्ये फोनवर लिहून घ्यायला सांगा आणि प्रत्येक खोलीत तीच वाक्ये, शब्दही न बदलता, वाचली जाऊ द्या. उदाहरणार्थ: ‘रात्री अमुक हिच्या पोटात दुखू लागले म्हणून बाईंनी तिला दवाखान्यात नेले आहे. डॉक्टरांनी तिला तपासले आहे आणि तिच्या आईवडिलांना कळवले आहे. पुढची बातमी दुपारच्या जेवणाच्या वेळी सांगू.’ तिच्या आईवडिलांना मात्र सर्वांत आधी कळले पाहिजे आणि आजाराचा जो तपशील मुलीला चारचौघांत नकोसा वाटेल, तो सांगू नये. जे अजून कळलेले नाही, ते कळलेले नाही असेच सांगा, आणि पुढची बातमी देण्याची जी वेळ ठरवाल ती काहीही झाले तरी पाळा. नवीन काही नसले तरी ‘अजून तसेच आहे’ हे त्या वेळी सांगायचेच, कारण ठरलेल्या वेळी कोणी आले नाही तर मुली त्याचाही अर्थ लावतात. तिच्या शेजारच्या कॉटवरील मुलीला आणि जिवलग मैत्रिणीला खोलीतील वाचनाच्या आधी बाजूला घेऊन सांगा. सगळा वर्ग त्यांनाच विचारणार असतो. भोजनगृहातील फळ्यावर तारीख आणि वेळ घालून तीच वाक्ये लिहून ठेवा. त्याच सकाळी सर्व पालकांनाही तोच मजकूर मोबाइलवर पाठवा. मग गावात बातमी कोणाही मुलीबरोबर गेली तरी फाटकाशी कोणी धावत येणार नाही. त्या चार पालकांना तुम्ही स्वतः पुन्हा फोन करा. मुलीच्या काळजीने ते आले, यात त्यांचा दोष नाही, आणि त्यांना तसे तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.

पत्रे वाचण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. पूर्वी बहुतेक वसतिगृहांत मुलींनी आंतरदेशीय पत्र न चिकटवता रेक्टरकडे द्यायचे आणि तिने वाचून ते पेटीत टाकायचे, अशी पद्धत होती. तिचा परिणाम असा होई की मुली दोन पत्रे लिहीत. एक दाखवायचे, ज्यात ‘मी येथे खुशाल आहे, अभ्यास चांगला चालला आहे, माझी काळजी करू नये’ एवढेच असे. आणि दुसरे, खरे, जे घरून येणारी मैत्रीण दप्तरातून नेऊन गावातील टपालपेटीत टाकत असे. जिला अशी मैत्रीण नसे, तिचे खरे पत्र लिहिलेच जात नसे, आणि अशा मुली बहुधा सर्वांत लहान, सर्वांत नव्या किंवा सर्वांत गरीब असत. त्या काळी वसतिगृहात तार आली की वाचण्यापूर्वीच रडे सुरू होई, कारण घरची खरी बातमी पत्रातून येत नाही हे मुलींनाही ठाऊक होते. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि पत्रेही आता थोडीच मुली लिहितात, परंतु तुमच्या रविवारच्या फोनची गत वेगळी आहे का, हे पाहा. फोन कार्यालयाच्या मेजावर असेल, बाजूला मेट्रनबाई हजेरीपट घेऊन बसल्या असतील आणि मागे दहा मुलींची रांग असेल, तर तो फोनही दाखवायचे पत्रच होतो. फोनचा यंत्रसंच अशा जागी ठेवा जेथे मुलगी दिसेल परंतु तिचे बोलणे ऐकू येणार नाही, आणि रविवारखेरीज आठवड्यात आणखी एक दिवस द्या. जिच्या घरी फोन लागत नाही, तिची नोंद ठेवून तिला दुसऱ्या वेळी हमखास बोलू द्या. ज्यांना लिहायचे आहे त्यांच्यासाठी कार्यालयात आंतरदेशीय पत्रे ठेवा. पोस्टकार्ड स्वस्त असले तरी ते वाटेतील प्रत्येकाला वाचता येते, हे मुलींना आपल्यापेक्षा चांगले कळते.

कॅमेरे फाटकाशी आणि आवाराच्या भिंतीशी जरूर बसवावेत. ज्या खोल्यांत मुली झोपतात, कपडे बदलतात किंवा न्हातात, तेथे आणि त्यांच्या दारांच्या रोखाने ते कदापि असू नयेत. घरून येणाऱ्या मुलींना वेगळे पाडल्याने बातम्या थांबणार नाहीत. वर्गात त्या एकाच बाकावर बसतात. फक्त गावातील मुलींकडे संशयाने पाहायचे, असा धडा मात्र सर्वांना मिळेल आणि तो फार काळ टिकेल.

आता ज्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवायला सांगितल्या, त्यांच्याविषयी. एखाद्या मुलीवर सर्वांनी मिळून अबोला धरला आहे, तिच्या जातीवरून, रंगावरून किंवा घरच्या गरिबीवरून लिहिले आहे, असे दिसले तर ती चिठ्ठी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवू नका, कारण त्याने दुखावलेली मुलगी दुसऱ्यांदा दुखावते. लिहिणारीशी आणि जिच्याविषयी लिहिले तिच्याशी वेगवेगळे बोला, आणि चिठ्ठी दाखवल्याशिवाय बोला.

लैंगिक त्रासाचा नुसता संशयही आला, तर मात्र तुम्हाला स्वतः चौकशी करून निष्कर्ष काढत बसण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असलेल्या व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि आपल्या हाताखालील माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. हे पदाधिकाऱ्यांनाही लेखी कळवा. ‘संस्थेची बदनामी’ हे कारण तेथे चालत नाही.

अशा गोष्टीसाठी मुलींना चिठ्ठीवर विसंबून राहावे लागू नये. तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते, परंतु ती कार्यालयाच्या दारात टांगलेली असेल तर तिच्यात कागद टाकणारी मुलगी सगळ्यांना दिसते. ती पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयात, जेथे मुली एरवीही एकेकट्या जातात अशा जागी लावा आणि तिची किल्ली वसतिगृहात राहणाऱ्या कोणाकडेही, तुमच्याकडेसुद्धा, ठेवू नका. बाहेरून येणारी एखादी शिक्षिका आणि पालकांपैकी एक महिला यांनी मिळून ती ठरलेल्या दिवशी उघडावी. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा विनाशुल्क क्रमांक फोनशेजारी आणि स्नानगृहांच्या दारांच्या आतल्या बाजूला रंगवून घ्या. तो लावण्यासाठी मुलीला कोणाचीही परवानगी लागणार नाही, हे पाचवीतील मुलींना वेगळे बसवून सांगा, कारण मोठ्या मुलींना सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

मुलींना भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित काढू द्यावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी पदाधिकाऱ्यांपैकी कोणी तरी ते सुचवेल. अवश्य काढू द्या. संपादन त्यांनाच करू द्या, जेवण, पाणी, खेळाचे साहित्य यांविषयीच्या तक्रारीही त्यात येऊ द्या आणि त्याखाली कार्यालयाचे उत्तर आठवड्याच्या आत लागू द्या. तथापि त्यामुळे चिठ्ठ्या बंद होतील अशी अपेक्षा धरू नका. फलकावर सगळ्यांसाठी लिहितात आणि चिठ्ठी एकीसाठी. तेराव्या वर्षी घरापासून दूर असलेल्या मुलीला चिठ्ठीची गरज फलकापेक्षा अधिक असते.

पुढील बैठकीत पदाधिकाऱ्यांनी चिठ्ठ्यांचा प्रश्न काढला, तर त्यांना खर्चाच्या दोन बाबी सुचवा: मुलींच्या फोनसाठी आडोशाची जागा व दुसरा यंत्रसंच, आणि रात्री वसतिगृहात आणखी एक बाई. त्या रात्री तुम्ही रुग्णालयात होता आणि मेट्रनबाई एकट्याच दीडशे मुलींजवळ होत्या. खोल्याखोल्यांतून फिरून मुलींना सांगायला तेथे कोणी मोकळे नव्हते. ही मागणी लेखी द्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात तिची नोंद करून घ्या.